पगारी एजंट, डोईमागे पैसे घेणारा आरकाटी: फिजी सरकारच्या कलकत्ता एजन्सीचे प्रकरण

ब्रिटिश हिंदुस्थानच्या स्थलांतर कायद्यात एक कलम होते. परक्या वसाहतीने बंदरात नेमलेल्या एमिग्रेशन एजंटाला ठरीव वार्षिक पगार द्यावा. त्याने किती माणसे बोटीत चढवली यावर त्याची मिळकत अवलंबून असता कामा नये. माणशी पैसे दिले तर एजंट वाटेल ते सांगून माणसे गोळा करील, हे कायदा करणाऱ्यांना नीट कळले होते. पण हे कलम एजंटाच्या टेबलापाशीच थांबले. त्याच्या हाताखालचा सबएजंट, सबएजंटाचा परवानाधारक रिक्रूटर आणि त्याच्यासाठी बाजारात, सराईत, स्टेशनावर घिरट्या घालणारा बिनपरवान्याचा आरकाटी, या तिघांचीही कमाई डोईमागेच होती. वरच्या माणसाला मोहापासून वाचवले आणि खालच्याला मोहातच उभे केले. फिजीच्या प्रकरणाची मेख इथे आहे.

१८७९ ते १९१६ या काळात ४२ जहाजांच्या ८७ फेऱ्यांमधून ६० हजारांहून अधिक माणसे हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर मजुरीला प्रशांत महासागरातल्या फिजी बेटांवर गेली. त्यांतली सुमारे ४५ हजार कलकत्त्याहून आणि १५ हजार मद्रासहून. मुंबई या वाटेवर नव्हती. कोकणातून आणि घाटावरून मुंबईमार्गे गेलेले मजूर मॉरिशसला पोचले आणि त्यांची मराठी वस्ती आजही तिथे आहे. पण एखादे सरकार स्वतःचा एजंट नेमून परमुलखातून माणसे कशी जमवते, हे पाहायला फिजीसारखे उदाहरण नाही. इथे सगळे कागदावर होते, आणि तो कागद बराचसा शिल्लक आहे.

मजूर का हवे होते

१० ऑक्टोबर १८७४ रोजी फिजी ब्रिटनच्या ताब्यात आले. पुढच्याच वर्षी ‘डिडो’ या युद्धनौकेबरोबर गोवर आला. सिडनीची भेट आटोपून परतणारे फिजीचे सरदार दाकोंबाऊ याच नौकेवर होते. या रोगाची ओळखच नसलेल्या बेटांत सुमारे ४० हजार फिजियन माणसे काही महिन्यांत मेली. त्यामुळे जूनमध्ये पहिले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन रुजू झाले ते हादरलेल्या समाजात.

गॉर्डन यांच्यापुढे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते. वसाहतीचा खर्च भागवायचा तर मळे चालले पाहिजेत, आणि मळ्यांवर फिजियनांना राबवले तर त्यांची गावे मोडतील, जी माणसे उरली आहेत तीही जातील. त्यांनी फिजियनांना गावातच ठेवायचे धोरण धरले. आजूबाजूच्या बेटांवरून मजूर आणण्याचा धंदा महाग आणि बदनाम झाला होता. गॉर्डन त्याआधी त्रिनिदाद आणि मॉरिशस या दोन्ही ठिकाणी गव्हर्नर होते आणि दोन्हीकडचे ऊसमळे हिंदुस्थानी मजुरांवर चालताना त्यांनी पाहिले होते. उत्तर त्यांच्या डोक्यात तयारच होते. १८७८ मध्ये त्यांनी चार्ल्स मिचेल यांना फिजीच्या वतीने कलकत्त्याला पाठवले.

एका लोकांना वाचवण्यासाठी दुसऱ्या लोकांना आणायचे, हा निर्णय गॉर्डन यांनी चांगल्या हेतूनेच घेतला असे म्हणता येईल. पण त्या दुसऱ्या लोकांचे काय होणार, हा प्रश्न त्या हिशेबात फार मागे राहिला.

हिंदुस्थान सरकार: पंच

हिंदुस्थान सरकार या व्यवहारात पक्षकार नव्हते. १८७५ मध्ये लंडनमधले भारतमंत्री लॉर्ड सॅलिसबरी यांनी सुचवले होते की सरकारने स्थलांतराला हात द्यावा आणि बदल्यात वसाहतींकडून चांगल्या अटी घ्याव्यात. कलकत्त्याच्या सरकारने ते नाकारले. भूमिका अशी की हा मजूर आणि मळेवाला यांच्यातला सौदा आहे. आपण फक्त पंच म्हणून उभे राहू, खेळ सरळ होतो का ते पाहू. यातून तीन पदे घट्ट झाली.

एमिग्रेशन एजंट वसाहतीचा नोकर. कलकत्त्यात त्याचे ऑफिस आणि हुगळीकाठी गार्डन रीच भागात डेपो. माणसे जमवणे, तपासणे, खाऊ घालणे, जहाज ठरवणे आणि हिशेब फिजीला पाठवणे ही त्याची कामे.

प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स हिंदुस्थानातल्या प्रांतिक सरकारचा अधिकारी. रिक्रूटरचा परवाना, डेपोची पाहणी, जहाजाची तपासणी आणि शेवटचा शिक्का त्याच्या हातात.

तिसरा, जिल्ह्यातला नोंदणी अधिकारी, बहुधा मॅजिस्ट्रेट. माणूस राजीखुशीने निघाला आहे का, हे त्याने विचारायचे.

तिघेही सरकारी, तिघेही पगारी. मजुराशी पहिले बोलणे मात्र यांतल्या कोणाचेच नव्हते.

मागणीपत्रापासून डेपोपर्यंत

सुरुवात फिजीत होई. मळेवाले आपल्याला किती मजूर हवेत ते इमिग्रेशन खात्याला कळवत, खाते एकूण आकडा कलकत्त्याला पाठवी, आणि मग एजंट सबएजंटांना कामाला लावी. सबएजंट संयुक्त प्रांत (आजचा उत्तर प्रदेश) आणि बिहारातल्या शहरांत सबडेपो चालवत. फिजीला सर्वाधिक माणसे बस्ती जिल्ह्यातून गेली. गोंडा, फैजाबाद, सुलतानपूर, आझमगड हे पट्टेही जोरात होते.

रिक्रूटरला प्रोटेक्टरचा एक वर्षाचा परवाना लागे आणि त्यावर जिल्हा मॅजिस्ट्रेटची सही. ही सही अनेकदा महिनोनमहिने अडे. कित्येक जिल्हाधिकाऱ्यांना हा धंदाच नको होता. जमीनदारांना आपले कुळ आणि मजूर हलायला नको होते. पोलीस रिक्रूटरकडून पैसे काढत. परवानाधारक माणूस असा अडवला गेला की तो स्वतः गावात जात नसे. ते काम तो आरकाट्याला देई, ज्याचे नाव कुठल्याच रजिस्टरात नव्हते. परवान्याची अट जितकी कडक, तितका बिनपरवान्याचा माणूस गरजेचा, असे उलटे गणित तयार झाले.

आरकाट्याची जागा गावात नव्हतीच. गावात नवखा माणूस लगेच डोळ्यांवर येतो, आणि परदेशी नेलेल्यांना उलटे टांगून डोक्यातून ‘मिमियाई का तेल’ काढतात, ही अफवा घरोघर होती. तो उभा राही अयोध्येला, काशीला, मथुरेला, जत्रेत, धर्मशाळेच्या दारात, रेल्वे स्टेशनावर. घराबाहेर पडलेला माणूस हे त्याचे गिऱ्हाईक: भावाशी भांडून निघालेला, दुष्काळात काम शोधणारा, यात्रेत वाट चुकलेली बाई, सासर सोडलेली विधवा. म्हणूनच नोंदींमध्ये मोठा भाग स्वतःच्या नव्हे तर परक्या जिल्ह्यात नोंदलेल्या माणसांचा आहे. ती आधीच वाटेला लागली होती. आरकाट्याने वाट बदलली. हे लक्षात ठेवायला हवे, कारण सगळेच भोळे होते आणि सगळेच पळवले गेले असे म्हणणे त्या माणसांवरही अन्याय करणारे आहे. काम हवे म्हणून, घर नको म्हणून, समजूनउमजून निघालेलेही पुष्कळ होते. पण काय समजून, हा खरा प्रश्न.

फिजी कलकत्त्याच्या जवळच आहे, काम हलके आहे, वाटेल तेव्हा परत येता येते, इतक्या तीन वाक्यांवर पुष्कळांचे आयुष्य फिरले. फिजी तिथून ११ हजार किलोमीटरांहून दूर आहे आणि शिडाच्या जहाजाला सरासरी ७३ दिवस लागत. पुढे आगबोटी आल्या तेव्हा हा प्रवास महिन्यावर आला.

मॅजिस्ट्रेटपुढे सात सेकंद

साखळीतला सर्वांत महत्त्वाचा कायदेशीर क्षण नोंदणीचा. माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो, अटी त्याला कळल्या आहेत आणि तो स्वखुशीने चालला आहे अशी खात्री करून घेतली जाते, मग नाव चढते. १८८३ च्या २१ व्या कायद्याने रिक्रूटरवर अशीही सक्ती केली की अटींचा खरा छापील कागद इंग्रजीत आणि माणसाच्या भाषेत त्याच्या हातात द्यायचा. फिजीचा कागद इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत असे. वाचता येणारे फार थोडे होते.

तोताराम सनाढ्य १८९३ मध्ये अलाहाबादेत आरकाट्याच्या हाती लागले. त्यांनी पुढे लिहून ठेवलेली हकिकत या क्षणाचा जवळून घेतलेला साक्षीपुरावा आहे. मॅजिस्ट्रेट काहीही विचारो, ‘हो’ म्हणायचे, असे त्यांना आधीच पढवले होते. मॅजिस्ट्रेटने प्रत्येकाला एवढेच विचारले की फिजीला जायला राजी आहेस का. फिजी कुठे आहे, तिथे काय काम आहे, काम न झाल्यास काय शिक्षा आहे, यांतले काही सांगितले नाही. अशा रीतीने सुमारे २० मिनिटांत १६५ जणांची नोंदणी झाली.

हिशेब करून पाहावा. २० मिनिटे म्हणजे १,२०० सेकंद. माणशी सात सेकंदांच्या थोडे वर. एवढ्या वेळात नाव आणि बापाचे नाव सांगून होत नाही. आणि त्या सात सेकंदांवर पाच वर्षांचा करार उभा होता.

इथे काय बिघडले ते नेमके पाहिले पाहिजे. मॅजिस्ट्रेट लाचखाऊ होता असे समजायची गरज नाही. त्याला जे विचारायला सांगितले होते ते त्याने विचारले. पण तो विचारत होता संमतीबद्दल, आणि संमती आधीच दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्याच गोष्टीसाठी मिळवून ठेवली होती. शिवाय त्या क्षणापर्यंत माणसाने रिक्रूटरचे चार-आठ दिवस अन्न खाल्लेले असे, घरापासून शेकडो कोस दूर आलेला असे, खिशात परतीचे भाडे नसे. ‘नाही’ म्हटले तर कचेरीच्या दारातून बाहेर पडून जायचे कुठे? नियमाने प्रश्न ठरवला होता. ‘नाही’ म्हणणाऱ्याला घरी पोचवण्याची सोय मात्र त्या दारात उभी नव्हती.

कराराचा कागद

या करारालाच लोकांनी ‘गिरमिट’ केले, अॅग्रीमेंटचा तोंडी झालेला अपभ्रंश, आणि माणसे गिरमिटिया झाली. कागदावरच्या अटी वाचल्या तर वाईट दिसत नाहीत. पाच वर्षे शेतकाम. सोमवार ते शुक्रवार रोज नऊ तास, शनिवारी पाच तास, रविवारी आणि सणाच्या सुट्टीला काम नाही. पुरुषाला दिवसाला एक शिलिंग (म्हणजे बारा पेन्स), बाईला नऊ पेन्स. पुढच्या काळातल्या छापील कागदांत शिलिंगासमोर ‘बारा आणे’ असे देशी नाण्यात लिहिलेले असे. गावाकडच्या शेतमजुरीच्या हा कितीतरी पट आकडा होता, आणि आरकाट्याला खोटे बोलायचीही गरज न पडणारी हीच एक ओळ होती.

पहिले सहा महिने शिधा मालकाकडून, रोज चार पेन्स कापून. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धा शिधा फुकट. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला पहिले वर्षभर रोज नऊ छटाक दूध. राहायला जागा आणि आजारपणात दवाखाना फुकट. पाच वर्षांनी स्वखर्चाने परत येता येई. दहा वर्षे वसाहतीत राहिल्यावर सरकारी खर्चाने, पण मागणी दोन वर्षांच्या आत केली तर.

खोच आहे ती ठेक्याच्या ओळीत. काम तासांवर देता येई किंवा नेमून दिलेल्या ‘टास्क’वर. धडधाकट पुरुष सहा तास नेटाने राबून जेवढे काम करील तेवढे एक टास्क, बाईचे त्याच्या पाऊण. शिलिंग मिळे तो पूर्ण टास्कला. प्रत्यक्षात मळ्यांवर टास्कची पद्धत चाले, आणि सहा तासांत किती काम होते हे ठरवी मळ्याचा ओव्हरसीयर, ज्याला मजूर ‘कुलंबर’ म्हणत. त्याने ओळ थोडी लांब आखली की काम अपुरे राही आणि त्या दिवसाचा शिलिंग हातचा जाई. नुकताच आलेला, समुद्राने खंगलेला, कुदळीची सवय नसलेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत पूर्ण टास्क क्वचितच करू शके, आणि शिध्याचे चार पेन्स मात्र रोज कापले जात, रविवार धरून. पूर्ण आठवडा, साडेपाच टास्क, एकही न चुकता केले तर पुरुषाला साडेपाच शिलिंग. त्यातून शिध्याचे दोन शिलिंग चार पेन्स गेले की उरले तीन शिलिंग दोन पेन्स. दोन टास्क अपुरे राहिले तर उरला एक शिलिंग दोन पेन्स. कागदावरचे बारा आणे इथे कुठे जातात ते दिसते.

आणि जे कागदावर नव्हतेच ते याहून मोठे. काम अपुरे ठेवणे, गैरहजर राहणे, परवानगीशिवाय मळा सोडणे हा फिजीच्या कायद्यात गुन्हा होता. कोर्टात खेचले जाई, दंड होई, तुरुंग होई, आणि वाया गेलेले दिवस कराराच्या मुदतीत वाढवले जात. नोकरीचा करार मोडला तर फार तर नोकरी जाते, असे समजून आलेल्या माणसाला करार मोडला तर तुरुंग आहे हे मळ्यावर पोचल्यावर कळे.

चाळीस बायकांचा नियम

दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका असल्याच पाहिजेत, असा नियम होता. पुरुषांच्या छावण्या उभ्या राहू नयेत, संसार व्हावेत, हा त्यामागचा विचार. पण संख्या गाठायची सक्ती एजंटावर आली आणि तिचा परिणाम थेट बाजारात उमटला: बाईमागे मिळणारी रक्कम पुरुषाहून जास्त झाली.

डेपोत पुरुष पुरेसे जमलेले असत, जहाज ठरलेले असे आणि बायका कमी पडत. खोळंबलेल्या जहाजाचा खर्च रोज चढे. मग सबएजंटांना निरोप जाई आणि आरकाटी जास्त पैशांच्या मागे जात. कलकत्त्याहून फिजीला गेलेल्या प्रौढ बायकांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश एकट्या गेल्या, नवऱ्यासोबत किंवा घरच्यांसोबत नव्हे. मळेवाल्यांनी आणि काही अधिकाऱ्यांनी या बायकांना सरसकट बदचालीच्या ठरवले. नोंदी तसे सांगत नाहीत. त्या सर्व जातींच्या होत्या, पुष्कळ जणी विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, काही स्वतःहून निघालेल्या होत्या. त्यांना घरी जागा नव्हती, आणि आरकाट्याला हे इतर कोणाहीपेक्षा आधी कळत होते. डेपोतच जोड्या जमत, अधिकाऱ्यापुढे नोंद होई आणि ते ‘डेपोचे लग्न’ फिजीला लग्न म्हणून जाई.

डेपो, पास आणि जहाज

कलकत्त्याच्या डेपोत पोचलेल्या माणसाची दुसऱ्यांदा तपासणी होई. आंघोळ, कपडे, कांबळे, शिजवलेले अन्न. ब्राह्मण, अहिर, चांभार, मुसलमान एका पंगतीत बसत आणि इथपासून जहाजी भाईपणा सुरू होई, जो फिजीत रक्ताच्या नात्याइतका पक्का ठरला. देवीची लस टोचली जाई. नापास झालेल्यांना परत पाठवावे लागे आणि तोपर्यंतचा खर्च एजन्सीच्या अंगावर पडे. म्हणून सबडेपोतल्या डॉक्टरने आधीच चाळणी लावावी अशी अपेक्षा. पण तिथे डोईमागे कमावणारा सबएजंट शेजारीच उभा असे.

या टप्प्यावर तयार होई तो एमिग्रेशन पास, प्रत्येक माणसाचा एक कागद. डेपो नंबर, जहाजाचे नाव, माणसाचे नाव, बापाचे नाव, वय, लिंग, जात, जवळचा वारस, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. खाली डॉक्टरांचा दाखला: तपासले, शरीराने आणि मनाने निरोगी आहे, लस दिली आहे. मग एजंटाची सही, मग प्रोटेक्टरची परवानगी. इतका नेटका कागद त्या काळच्या शेतकऱ्याच्या आयुष्यात दुसरा कुठला बनला असेल असे वाटत नाही. उजव्या गालावरचा व्रण त्यावर लिहिला आहे. त्याला काय सांगून आणले, यासाठी रकाना नाही.

जहाजावर सूत्रे सर्जन-सुपरिंटेंडेंटच्या हाती. त्याला मोबदला मिळे तो जिवंत उतरवलेल्या माणशी. हा नियम विचार करण्यासारखा आहे. जहाजावरचा मृत्यू त्या डॉक्टरच्या खिशाला बसे, म्हणून पुढच्या काळात स्वच्छता, पाणी, हवा, शिधा यांत खरी सुधारणा झाली. पैसा कशाला जोडला आहे त्यावर वागणूक बदलते, हे या व्यवस्थेलाच ठाऊक होते. आरकाट्याला मात्र माणूस सबडेपोत पोचवला की पैसे सुटत. तो माणूस सहा महिन्यांनी जिवंत आहे का, त्याला सांगितले ते खरे निघाले का, याच्याशी त्याच्या पैशांचा धागा कधीच जोडला गेला नाही.

पहिले जहाज ‘लिओनिडास’. मार्च १८७९ मध्ये कलकत्त्याहून निघाले आणि १४ मे रोजी फिजीतल्या लेवुका बंदराला पोचले. वाटेत कॉलरा आणि देवी लागल्या, माणसे मेली. फिजी सरकारपुढे चार वर्षांपूर्वीचा गोवर उभा राहिला. देवी किनाऱ्यावर उतरल्या असत्या तर उरलेल्या फिजियनांचे काय झाले असते सांगता येत नाही. लेवुकाजवळच्या यानुचा लाइलाइ या छोट्या बेटावर सगळ्यांना उतरवून ऑगस्टपर्यंत वेगळे ठेवले. तिथेही मृत्यू झाले. ४६३ हा आकडा या पहिल्या खेपेचा म्हणून फिजीत आजही पाठ आहे.

खुद्द मळेवाल्यांनी या खेपेला थंडा प्रतिसाद दिला. मजूर महाग पडत होते आणि रोगाची भीती होती. बऱ्याच जणांना सरकारनेच कामावर ठेवले. तीन वर्षे दुसरे जहाज आले नाही. मग ऑस्ट्रेलियाच्या कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीने साखर कारखाना उभारला, मागणी उसळली आणि १८८२ मध्ये दोन जहाजे आली. त्यांची नावे ‘बेरार’ आणि ‘पूना’ होती. ११ मे १८८४ रोजी ‘सिरिया’ नासिलाइच्या खडकावर फुटले. ५६ गिरमिटिया बुडाले.

दुरुस्त्या का पुरल्या नाहीत

सरकार झोपलेले नव्हते. १८८२-८३ मध्ये दोन चौकश्या झाल्या: वायव्य प्रांत आणि औध (पुढचे संयुक्त प्रांत) यांसाठी मेजर पिचर, बंगाल-बिहारसाठी जॉर्ज ग्रिअर्सन, जे पुढे भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी ओळखले गेले. त्यांतून १८८३ चा कायदा आला. नोंदणी, परवाने, छापील अटी, राहण्याच्या जागेची पाहणी, सगळे अधिक काटेकोर झाले.

पण प्रत्येक दुरुस्ती सरकारी माणसाच्या टेबलावर झाली. रजिस्टरात रकाने वाढले. डोईमागचे पैसे कायम राहिले, चाळीस बायकांचा नियम राहिला, आणि अटींच्या कागदात शिक्षेची ओळ आली नाही. शिवाय आसामचे चहामळे आणि कलकत्त्याच्या ताग गिरण्या त्याच मजुरांना जवळच काम देत होत्या. ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतले नाताळ, सुरीनाम या वसाहतींचे एजंट त्याच जिल्ह्यांत माणसे शोधत होते. पीक चांगले आले की भरती आटे, दुष्काळ पडला की वाढे. चांगल्या वर्षी मागणी पुरी करायची तर आरकाट्याच्या पैशांत वाढ करणे हाच एजंटाकडे उरलेला उपाय होता. पगारी एजंट प्रामाणिक असला तरी तो हेच करी. १९०३ पासून मद्रासकडूनही भरती सुरू झाली ती याच टंचाईतून.

फिजीकडचे टोकही तसेच दुबळे. इमिग्रेशन खात्याचे निरीक्षक मळ्यांवर जात, पण ज्या खात्याने मळेवाल्याला मजूर वाटले त्याच खात्याने मजुराची तक्रार ऐकायची होती. मजुराला मळ्याबाहेर जाऊन तक्रार करायला परवानगी हवी, आणि ती देणार कोण, तर तोच ओव्हरसीयर.

शिक्षेची ओळ

नाताळची भरती आधी बंद झाली. फेब्रुवारी १९१० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंपीरियल कौन्सिलात, म्हणजे हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कायदेमंडळात, ठराव आणला, सरकारने तो मानला आणि १ जुलै १९११ पासून नाताळचा दरवाजा मिटला. ४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी संपूर्ण करारमजुरीच बंद करण्याचा ठराव मांडला. त्यांनी बोट ठेवले ते नेमके कागदात नसलेल्या गोष्टीवर: अडाणी माणसाकडून, त्याला न कळणाऱ्या भाषेतल्या कायद्याखाली, दूर देशी जाण्याचा करार घेतला जातो आणि त्या करारामागे फौजदारी शिक्षा आहे हे त्याला सांगितलेच जात नाही. हिंदुस्थानी बिगरसरकारी सभासदांची २२ मते बाजूने पडली. सरकारी बहुमताने ठराव पडला. सातारा-पुण्याच्या शेतसाऱ्यापासून साखर बेटांवरच्या मजुरापर्यंत हा माणूस आकडे आणि कायद्याचा मजकूर हातात घेऊनच बोलत असे, आणि पंच म्हणवणाऱ्या सरकारला पंचाच्याच नियमात पकडणे हे त्याचेच काम होते.

पुढे कुंती या गिरमिटिया स्त्रीने ओव्हरसीयरपासून सुटण्यासाठी नदीत उडी घेतल्याची हकिकत कलकत्त्याच्या ‘भारतमित्र’ने छापली. १९१५ मध्ये सी. एफ. अँड्र्यूज आणि डब्ल्यू. डब्ल्यू. पिअर्सन फिजीला जाऊन अहवाल घेऊन आले. मार्च १९१६ मध्ये मदनमोहन मालवीयांचा ठराव व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी तत्त्वतः मानला. शेवटचे जहाज ‘सतलज’ ११ नोव्हेंबर १९१६ रोजी फिजीला पोचले. मार्च १९१७ मध्ये युद्धकालीन नियमांखाली भरती थांबवली गेली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतले उरलेले सर्व करार रद्द झाले.

पास आज वाचताना

गिरमिटियांचे पास फिजीची राजधानी सुवा इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फिजीतून किंवा फिजी सोडून ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला गेलेल्या घरांतून लोक ते घेऊन आजोबांचे गाव शोधायला येतात. अशांना मदत करणाऱ्यांसाठी काही गोष्टी.

शोध जहाजाचे नाव, वर्ष आणि नंबर यांवरून सुरू करावा. नुसत्या नावावरून केला तर एका नावाची डझनभर माणसे सापडतात. माणसाचे नाव कारकुनाने कानाने ऐकून रोमन लिपीत लिहिलेले असते. भोजपुरी-अवधी उच्चार लक्षात घेऊन ते मोठ्याने वाचावे. ‘सुकई’चे तीन वेगळे शब्दलेखन असणे नेहमीचे आहे. जात आणि बापाचे नाव यांवर फार भार देऊ नये, कारण घरून पळालेल्यांनी ते मुद्दाम बदलून सांगितले. नोंदणीचा जिल्हा आणि घरचा जिल्हा वेगळे असू शकतात. घरचा जिल्हा, ठाणे आणि गाव हे रकाने स्वतंत्र आहेत, तेच पाहावेत.

जिल्हा जुना आहे हे विसरू नये. तेव्हाच्या बस्तीतून पुढे सिद्धार्थनगर आणि संत कबीरनगर निघाले, गोंड्यातून बलरामपूर, फैजाबादेतून आंबेडकरनगर. म्हणून आधी ठाणे शोधावे. ठाण्याचे नाव बहुधा टिकते. मग त्या ठाण्याच्या हद्दीतली सगळी गावे घेऊन पासावरच्या नावाशी एकेक करून ताडावीत, आणि गाव जुळले की तिथल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, तुमच्यातला कोणी कलकत्त्याला जाऊन परत न आलेला होता का. फिजी म्हणून विचारू नये. मागे राहिलेल्यांना तो कलकत्त्याला गेला एवढेच माहीत होते.